परिचयपत्रकाचा तुझा मसुदा वाचला

देवगड

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मसुदा सावकाश वाचला. उमेदवार आपल्या भागातला, माजी सरपंच, मासेमारीवर वाढलेल्या घरातला आणि लोकसभेला अपक्ष उभा राहतोय. तेव्हा त्याचं पत्रक तुझ्यासारखीने हौसेने लिहायला घेतलं हे बरंच झालं. भाषा चांगली आहे. पण 'मातीतला माणूस', 'गोरगरिबांचा कैवारी' आणि 'कोकणचा कॅलिफोर्निया करणार' ही तिन्ही वाक्यं आधी काढ. कॅलिफोर्निया आजवर इतक्या निवडणुकांत झालाय की आता आणखी एकाला किनाऱ्यावर जागा उरलेली नाही. पत्रक चार पानांचं ठेव. पहिल्या दोन पानांत माणूस कोण ते, पुढच्या दोन पानांत देशाबद्दल त्याचं म्हणणं काय ते. आणि कुणी चव्हाट्यावर उभं राहून 'कागद दाखव' म्हटलं तर दाखवता येईल तेवढंच त्यात लिही.

माणूस कोण हे लिहायला तू त्याच्या बालपणापासून सुरुवात केली आहेस. तिथून नको, शपथपत्रापासून कर. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र जातं आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर लागतं. विरोधक तुझं पत्रक आणि ते शपथपत्र शेजारी शेजारी ठेवून वाचणार. पत्रकात पदवीधर आणि शपथपत्रात 'द्वितीय वर्ष, कला' असं निघालं, तर बाकीचं सगळं खरं असूनही वाया गेलं. म्हणून आधी शपथपत्राचा मसुदा पक्का होऊ दे, मग पत्रक.

शपथपत्रात आपल्या भागातल्या उमेदवारांची सर्वात जास्त फजिती होते ती जमिनीच्या रकान्यात. घाटावर एका सातबाऱ्यावर दोन-चार नावं असतात, आपल्याकडे पंचवीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत आणि काही तर वारसनोंद न झालेले मयत. सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर असं असतं. ०.४२.५० म्हणजे साडेबेचाळीस आर, साधारण बेचाळीस गुंठे, म्हणजे एकराहून किंचित जास्त. नमुन्यात मात्र शेतजमीन एकरात विचारलेली असते. घाईत कुणी ४२ एकर लिहिलं की आपला खलाशाचा मुलगा एका रात्रीत जमीनदार होतो. हिशेब असा करायचा: ४०.४७ आर म्हणजे एक एकर. त्या साडेबेचाळीस आरमध्ये त्याचा आठवा हिस्सा असेल, तर ५.३ आर, म्हणजे ०.१३ एकर. एकूण क्षेत्रही लिहायचं, सामाईक आहे हेही लिहायचं आणि आपला हिस्साही. वडिलोपार्जित की खरेदी, खरेदी असेल तर तारीख आणि किंमत, त्यावर केलेला खर्च (कलमं, कंपाउंड, बोअर), आणि आजची अंदाजे बाजारभावाची किंमत, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत. वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन 'पडीक आहे' म्हणून गाळायची नाही. कुळकायद्याने मिळालेली असेल तर मूळ फेरफार काढून ठेव, कारण प्रश्न हमखास तिच्यावर येतो.

होडी किंवा ट्रॉलर असेल तर ती जंगम मालमत्तेत, वाहनांच्या रकान्यात जाते. तिथे मोटारीबरोबर नौकांचीही नोंद विचारलेली आहे: नोंदणी क्रमांक, खरेदीचं वर्ष, रक्कम. भागीदारीतली होडी असेल तर त्याचा वाटा. विकास सोसायटीचं पीककर्ज, बँकेचं होडीचं कर्ज हे देण्यांच्या रकान्यात. बायकोचं सोनं, तिची ठेव, अवलंबून असलेली मुलं, सगळ्यांचे रकाने वेगळे आहेत. कोणताही रकाना कोरा ठेवायचा नाही. माहिती नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही'. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय की आठवण करून दिल्यावरही रकाने कोरे ठेवले तर अर्ज फेटाळता येतो. आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं किंवा दडवलं तर लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

त्याच्यावर आंदोलनातला एक गुन्हा आहे असं तू लिहिलंस आणि पत्रकात तो टाकावा का असं विचारलंस. टाक. जैतापूरचा अणुप्रकल्प असो, नाणारची रिफायनरी असो की बारसूची, आपल्या किनाऱ्यावर जमावबंदी मोडल्याचा गुन्हा अंगावर असणारी साधी माणसं गावोगाव आहेत. लपवलं की तो डाग ठरतो, सांगितलं की माहिती. पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक, कलमं, कोणतं न्यायालय, दोषारोप ठेवले गेले का, हे शपथपत्रात जसं आहे तसंच उतरव. १ जुलै २०२४ पूर्वीचा गुन्हा असेल तर कलमं जुन्या भारतीय दंड संहितेचीच लिहायची, नव्या न्याय संहितेत बदलून नव्हे. खटला चालू असेल तर उमेदवाराला तो प्रचाराच्या काळात तीन वेळा वृत्तपत्रात आणि दूरचित्रवाणीवर जाहीर करावा लागतो. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर पहिल्या चार दिवसांत एकदा, पाचव्या ते आठव्या दिवसात दुसऱ्यांदा, आणि नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत तिसऱ्यांदा. त्याचे पैसेही उमेदवाराच्याच खर्चात धरतात, हे खजिन्याच्या माणसाला आत्ताच सांगून ठेव.

आता सरपंचकीची पाच वर्षं. तू लिहिलंस, 'गावात घरोघरी नळाने पाणी आणले.' आपल्याकडे नळ आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं माप आहे, पण जोडणी मोजली जाते ती नळाची. पावसाळ्यात ओढे भरून वाहणाऱ्या गावात एप्रिल संपता संपता विहिरीचा तळ दिसतो, कारण जांभ्यातून पाणी जसं झरझर मुरतं तसंच खाली निघूनही जातं. तेव्हा पत्रकात असं लिही: योजना कोणत्या वर्षी पूर्ण झाली, उद्भव कोणता (विहीर, बंधारा, नदीकाठची जॅकवेल), किती घरांना जोडणी, आणि मे महिन्यात किती दिवसांआड पाणी येतं. शेवटची गोष्ट कुणीच छापत नाही. ती छापलीस तर बायका पत्रक घरात ठेवतील.

तसंच ग्रामसभांचं. वर्षाला चार ग्रामसभा ठरलेल्या असतात. त्याच्या काळातल्या इतिवृत्ताच्या वह्या पाहा. किती सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या, वित्त आयोगाच्या निधीतला पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला भाग खरंच तिथे गेला की गटार म्हणून रस्ता झाला, लेखापरीक्षणात किती आक्षेप निघाले आणि त्यातले किती निकाली लागले. आक्षेप नसलेली ग्रामपंचायत मी तरी ऐकली नाही. त्यामुळे 'स्वच्छ कारभार' असं लिहिण्याऐवजी आक्षेपांचा आकडा आणि त्यांची उत्तरं दे. हे तुझ्या उमेदवाराला आवडणार नाही. आग्रह धर.

शेवटी 'भूमिपुत्र' हा मुद्दा तू तीनदा आणला आहेस. एकदा पुरे. आपल्या जुन्या राजापूर मतदारसंघातून मधु दंडवते १९७१ पासून लागोपाठ पाच वेळा निवडून आले. जन्म नगरचा, नोकरी मुंबईत पदार्थविज्ञान शिकवण्याची. त्यांच्या आधीचे बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे. लोकांनी दोघांनाही स्वीकारलं, कारण दोघेही दिल्लीत काय बोलतात ते इथे येऊन सांगत.

तिथूनच देशाच्या दृष्टीच्या दोन पानांकडे ये. तुझ्या मसुद्यात खासदार साकव (ओढ्यावरचे छोटे पूल) बांधतोय, शाळेचे पत्रे बदलतोय, तलाठी हजर ठेवतोय. यातलं बरंचसं जिल्हा परिषदेचं किंवा राज्याचं काम आहे. खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. आपला मतदारसंघ चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असा सहा विधानसभांचा. पाच कोटी त्यात वाटले तर विधानसभेला वर्षाचे ८३ लाखांच्या आसपास पडतात. त्यात किती साकव होतील ते तूच मांड. लोकसभेच्या उमेदवाराने कायदे, केंद्राचे नियम, केंद्राचा पैसा यांबद्दल बोलावं. वाडीचं दुखणं अशा रीतीने मांडावं की केरळातल्या नारळवाल्याला आणि ओडिशातल्या कोळ्यालाही ते आपलं वाटेल. माझ्या मते गावच्या उमेदवाराची देशाबद्दलची दृष्टी म्हणजे एवढंच, आणि ती पुरेशी मोठी आहे.

उदाहरण देतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. झाडं मुळासकट गेली. मदतीचे निकष केंद्र ठरवतं आणि बागायतीला ते हेक्टरी असतात, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. आता आपल्याकडे माणसाची जमीन दहा-वीस गुंठे, त्यात हापूसची चार कलमं, नारळाचे बारा माड, मधे सुपारी, सुपारीवर मिरी. हेक्टरी दराने त्याच्या हातात येतं ते पडलेलं झाड तोडून हलवण्याच्या मजुरीलाही पुरत नाही. शिवाय सुपारी लावली की उत्पन्नाला सहा-सात वर्षं, हापूसचं कलमही तेवढाच वेळ घेतं. म्हणजे एका हंगामाची भरपाई घेऊन माणूस पुढचे सहा हंगाम काढतो. मागणी अशी लिही: बहुवार्षिक झाडांसाठी राष्ट्रीय निकषात झाडनिहाय दर असावा, आणि पुन्हा उत्पन्न सुरू होईपर्यंत मदत टप्प्याटप्प्याने मिळावी. वादळं केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशातही येतात. म्हणजे या एका मागणीमागे किनाऱ्यावरचे निम्मे खासदार उभे राहू शकतात.

याच्याच शेजारी आंबा विम्याचं वाक्य ठेव. तो विमा हवामानावर आधारित आहे. झाडावर किती फळ राहिलं हे कुणी पाहत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर अवेळी पाऊस, तापमान, वारा किती नोंदला गेला त्यावर पैसे ठरतात. केंद्र सपाटीवर, बाग खाडीच्या उतारावर, मधे डोंगर. इथे मोहोर करपतो आणि केंद्रावर पारा निकषाच्या आतच राहतो. उमेदवाराने 'विमा मिळवून देईन' म्हणू नये. 'केंद्रांचं अंतर आणि जागा ठरवण्याचे नियम बदलायला लावीन' म्हणावं.

मासेमारीवर मात्र जपून लिही, कारण तिथे सगळे उमेदवार घसरतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, मासेमारीचा अधिकार राज्याचा. त्यासाठी महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. त्यामुळे 'पर्ससीन (माशांचा थवा घेरणारं मोठं जाळं) बंद करणार' असं लोकसभेच्या उमेदवाराने सांगितलं की मालवणचा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा कोळी, हसतो. त्याला ठाऊक आहे की ५ फेब्रुवारी २०१६ चा पर्ससीनवरच्या निर्बंधांचा आदेश मुंबईतून, म्हणजे राज्य सरकारकडून, निघाला होता. खासदाराचा हात कुठे पोचतो? एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली, पण रात्री बारा मैलांच्या रेषेवर उभी असलेली नौका कोणत्या हद्दीत आहे हे पकडणाऱ्याला सिद्ध करावं लागतं. परराज्यातली वेगवान नौका आत येऊन तासाभरात निघून जाते. गस्तीनौका पोचेपर्यंत जाळं वर घेतलेलं असतं. नौकांवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे नौका कुठे आहे ते कळवणारं यंत्र, बसवण्याची योजना केंद्राने सुरू केली आहे. पत्रकात मागणी अशी हवी: प्रत्येक यांत्रिक नौकेवर ते यंत्र चालू ठेवणं सक्तीचं असावं, त्याची नोंद दोन्ही राज्यांच्या मत्स्यखात्यांना एकाच वेळी दिसावी, आणि यंत्र बंद ठेवलं तर डिझेलची सवलत थांबावी. तटरक्षक दल, दोन राज्यं आणि केंद्राचं मत्स्यखातं यांना एका टेबलावर बसवणं हे खासदाराचंच काम. पावसाळी बंदी आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. दोन्हीकडे एकसष्ट दिवस चूल कशी पेटते हा प्रश्न सारखाच आहे. तो एका ओळीत टाक.

सीआरझेडचंही, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या केंद्राच्या नियमांचंही, तसंच. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागाला भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र आणि विरळ वस्तीला २०० मीटर. दाट म्हणजे चौरस किलोमीटरला २१६१ माणसं, तीही २०११ च्या जनगणनेची. आपल्या किनाऱ्यावर घरं समुद्राला चिकटून आणि गावाची उरलेली हद्द डोंगरभर पसरलेली. सरासरी काढली की गाव विरळ ठरतं आणि कोळ्याचं पिढीजात घर २०० मीटरांत अडकतं. घनता गावाची न धरता वस्तीची धरावी, हे एक वाक्य दहा घोषणांना भारी आहे.

रेल्वेबद्दल 'दुपदरीकरण करणारच' असं लिहिलंयस. कोकण रेल्वे १९९० मध्ये स्थापन झालेलं वेगळं महामंडळ आहे. त्यात केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ भागधारक आहेत. रोह्यापासून ७४१ किलोमीटरचा मार्ग, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला, आणि अजूनही बहुतेक एकेरीच आहे. महामंडळ असल्यामुळे पैसा उभारण्याची रीत वेगळी, कर्ज वेगळं. म्हणून आधी मागणी हवी ती भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची किंवा केंद्राने थेट भांडवल घालण्याची, दुपदरीकरण त्यानंतर. हा क्रम चुकला की आश्वासन हवेतलं राहतं. मुंबई-गोवा महामार्ग ६६ बद्दल मी काही सांगत नाही. त्यावर लोकांचा कुणाच्याही शब्दावर विश्वास उरलेला नाही, तू दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नकोस.

अपक्ष खासदार ५४३ मध्ये एकटा काय करणार, हा प्रश्न येणारच. उत्तर पत्रकातच दे. लोकसभेत रोज २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न असतात. लेखी उत्तर मिळालं की मंत्रालयाचा आकडा छापील स्वरूपात हातात येतो, आणि झाडनिहाय मदतीसारखी मागणी अशा आकड्यांवरच उभी राहते. लोकसभेच्या नियम ३७७ खाली मुद्दा मांडता येतो. शुक्रवारी दुपारी खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची, विधेयकं येतात. पण 'कायदा करीन' असं लिहू नकोस. आजवर जेमतेम चौदा खासगी विधेयकं संमत झाली, शेवटचं १९७० मध्ये. 'विधेयक मांडीन' इतकंच खरं. त्यालाही वजन असतं. संसदेला घटनेतले मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत असं सांगणाऱ्या गोलकनाथ निकालानंतर १९६७ मध्ये नाथ पैंनी संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दल खासगी विधेयक आणलं. ते पुरं झालं नाही, १९७१ च्या जानेवारीत ते गेले. पण त्यावर देशभर चर्चा झाली, आणि त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार कायद्यात आला. वेंगुर्ल्याच्या माणसाचा मुद्दा साऱ्या देशाचा झाला तो असा. हे उदाहरण जरूर घाल, पण त्यांच्या फोटोशेजारी आपल्या उमेदवाराचा फोटो लावू नकोस.

आता काही गोष्टी ज्या चुकल्या तर पत्रक चांगलं असूनही अंगाशी येतं. देवळात नारळ ठेवून मतांची शपथ घ्यायला लावणं, किंवा 'याला मत दिलं नाही तर रवळनाथ बघून घेईल' अशा अर्थाचं गाऱ्हाणं प्रचारात घालणं, हे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३(२) प्रमाणे गैरवाजवी प्रभाव ठरतं. निवडून आल्यावरही निवडणूक रद्द होऊ शकते. तुझ्या मसुद्यातली 'ग्रामदेवतेचा कौल' ही ओळ म्हणूनच काढून टाक. मुंबईहून चाकरमान्यांना फुकट गाड्या करून मतदानाला आणणं हा १२३(५) खाली भ्रष्ट आचार. मुंबईचे ग्रामस्थ मंडळवाले आपुलकीने म्हणतील 'आम्ही बघतो', त्यांना आधीच नाही सांग. आणि ज्यांनी नाव मुंबईच्या यादीत नेलंय त्यांना गावच्या यादीत दुसरं नाव ठेवता येत नाही. उमेदवाराच्या दहा सूचकांत (अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणाऱ्यांत) असा एखादा निघाला की अर्ज छाननीत अडतो. अपक्षाला दहा सूचक लागतात आणि सगळे याच मतदारसंघातले मतदार हवेत. प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीतून उतरव, जुन्या चिठ्ठीवरून नको. दहाच्या जागी बारा-तेरा सूचक घेऊन दुसरा अर्जही भरून ठेवा, चार अर्जांपर्यंत मुभा आहे. वेळ ११ ते ३, अनामत २५ हजार, आणि वैध मतांच्या एक-षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते.

छपाईचं असं. चिन्ह मिळेपर्यंत छापू नका. अपक्षाला अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर चिन्ह मिळतं, आणि अर्जात दिलेल्या तीन पसंतींपैकी पहिलंच मिळेल असं नाही. पत्रकाच्या दर्शनी पानावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं व पत्ते हवेत, कलम १२७-अ. प्रकाशकाने स्वतःच्या ओळखीच्या दोन माणसांच्या साक्षांकनासह घोषणापत्र दोन प्रतींत छापखान्याला द्यायचं, आणि छापखान्याने पत्रकासोबत ते तीन दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. हे चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. किती प्रती छापल्या तेही छाप, खर्चाचा हिशेब त्यावरच होतो. लोकसभेला खर्चाची मर्यादा ९५ लाख, आणि एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत रोखीने दहा हजारांपेक्षा जास्त देता येत नाही. त्यामुळे छापखान्याचं बिल निवडणुकीसाठी उघडलेल्या वेगळ्या खात्यातूनच धनादेशाने द्या. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाला स्वतःच्या पैशाने पत्रक काढायचं असेल तर उमेदवाराची लेखी परवानगी आधी हवी.

पत्रकात अक्षर मोठं ठेव, साठीच्या पुढच्यांना चष्म्याविना वाचता यायला हवं. हिरव्या कागदावर लाल मजकूर नको. सातबारे, आठ-अ आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तांच्या झेरॉक्स मिळाल्या की दुसरा मसुदा पाठव. शपथपत्राची नोटरी होण्याआधी जमिनीचे आकडे मला एकदा बघू देत.

तुझे,
बाबा